कॅज्युअल्टीतली नोंद आणि तीस वर्षांनंतरचा डिमेन्शिया: डेन्मार्कचं एक प्रकरण

कॅज्युअल्टीतले डॉक्टर जे लिहितात ते त्या रात्रीपुरतं लिहितात. पेशंट कसा पडला, शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, टाके किती घातले, घरी सोडला की ॲडमिट केला. बाहेर अजून आठ जण थांबलेले असतात, त्यामुळे या माणसाच्या मेंदूचं म्हातारपणी काय होणार हा विचार तिथे कोणी करत नाही, आणि ते त्यांचं कामही नाही. पण अशा लाखो नोंदी जपून ठेवल्या आणि प्रत्येक नोंद त्या माणसाच्या पुढच्या सगळ्या आयुष्याशी जोडता आली तर त्यातून मेंदूबद्दल काय कळतं? डेन्मार्कमध्ये हे करून बघितलं गेलंय. २०१८ मध्ये लॅन्सेट सायकायट्री या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला, मुख्य संशोधक जेसी फॅन, अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचे, आणि बरोबरची टीम डॅनिश. प्रश्न साधा होता, डोक्याला मार लागलेल्या माणसांना पुढे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, जास्त होतो का.

उत्तर 'हो, थोडा जास्त होतो' असं आलं आणि बातम्यांमध्ये तेवढंच छापून आलं. मला मात्र या प्रकरणात उत्तरापेक्षा त्या नोंदी कशा वाचल्या गेल्या ते जास्त महत्त्वाचं वाटतं. कॅज्युअल्टीचं रेकॉर्ड मेंदूत काय चाललंय ते सांगत नाही, दारातून कोण आत आलं आणि कशासाठी आलं तेवढंच सांगतं, आणि हा फरक डोक्यात ठेवला नाही तर हाच डेटा माणसाला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतो.

आधी ती व्यवस्था काय आहे ते बघू. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला एक नंबर आहे, सीपीआर नंबर, जन्मापासून मरेपर्यंत तोच, आणि टॅक्स, शाळा, लग्न, औषधं, हॉस्पिटल सगळीकडे तोच चालतो. १९७७ ला नॅशनल पेशंट रजिस्टर सुरू झालं, त्यात देशातल्या हॉस्पिटलांमधली प्रत्येक ॲडमिशन डायग्नोसिसच्या कोडसकट नोंदली जायला लागली. आणि १९९५ ला या अभ्यासासाठी फार मोलाची गोष्ट झाली, कॅज्युअल्टीत येऊन घरी गेलेले आणि ओपीडीत दाखवलेले पेशंटही त्याच रजिस्टरमध्ये यायला लागले. औषधांच्या चिठ्ठ्यांचं रजिस्टरही साधारण त्याच वेळचं. उपचार सरकारी खर्चाने, म्हणजे बिलाच्या भीतीने हॉस्पिटलच टाळलं असं सहसा होत नाही. सगळ्या देशाची लोकसंख्या आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी, पण माणूस हरवत नाही. ऑरहूसमध्ये शिकत असताना सायकलवरून पडलेला मुलगा पुढे कोपनहेगनला गेला, तिथे नोकरी केली, म्हातारा झाला आणि सत्तराव्या वर्षी विसरायला लागला तरी दोन्ही नोंदी एकाच नंबरखाली सापडतात.

आता अभ्यास. १९९९ ते २०१३ या काळात ज्यांचं वय ५० किंवा त्याहून जास्त होतं असे २७,९४,८५२ लोक, म्हणजे सॅम्पल वगैरे काही नाही, त्या वयाचा जवळपास सगळा देशच. त्यांच्यापैकी १९७७ ते २०१३ मध्ये कोणाच्या नावावर डोक्याला मार लागल्याचा कोड आहे ते शोधलं, असे १,३२,०९३ निघाले. मग १९९९ नंतर डिमेन्शिया कोणाला झाला ते हॉस्पिटलच्या रजिस्टरमधून, मानसोपचाराच्या रजिस्टरमधून आणि डिमेन्शियाची औषधं कोणाला दिली गेली त्यावरून शोधलं, ते १,२६,७३४. मार लागलेल्यांपैकी साधारण ८५ टक्क्यांचा पहिला मार किरकोळ होता, म्हणजे कन्कशन, ज्याला आपण मुका मार लागला, थोडं गरगरलं, घरी जा, झोपू द्या म्हणतो तो.

वय, स्त्री की पुरुष, लग्न झालेलं आहे की नाही, आधीचे शारीरिक आणि मानसिक आजार, हे सगळं हिशोबात धरल्यावर मार लागलेल्यांचा डिमेन्शियाचा धोका १.२४ पट निघाला. एकदाच लागला असेल तर १.२२ पट, पाच किंवा जास्त वेळा असेल तर २.८३ पट. किरकोळ मार १.१७, गंभीर १.३५. विशीत मार लागलेल्यांचा धोका तीस वर्षांनी ६३ टक्क्यांनी जास्त, तिशीत लागलेल्यांचा ३७ टक्क्यांनी. जितक्या वेळा लागला तितका धोका जास्त, जितका जोरात तितका जास्त, अशी चढती पायरी दिसली की संशोधकांचा विश्वास वाढतो, कारण नुसत्या योगायोगाने किंवा नोंदींतल्या गोंधळाने अशी सरळ पायरी तयार होणं अवघड असतं.

पण याच पेपरमध्ये अजून एक आकडा आहे आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्या आकड्याभोवती फिरतं. मार लागल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत धोका ४.०६ पट होता.

चार पट! पहिल्यांदा वाचताना वाटतं की बघा, डोक्याला लागलं आणि लगेच डिमेन्शिया सुरू झाला. पण डिमेन्शिया असा सहा महिन्यांत उगवत नाही, अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारात, तर मेंदूतले बदल लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधीपासून चालू असतात. मग हे चार पट आले कुठून? विचार करा, ७८ वर्षांच्या आजी बाथरूममध्ये पडतात, डोक्याला खोक पडते, घरचे कॅज्युअल्टीत आणतात. त्या पडल्या का? पाय घसरला हे कागदावर येतं, पण तोल जायला लागला होता, रात्री उठून दिशा कळत नव्हती, रोजची गोळी दोनदा घेतली गेली होती, हे कागदावर येत नाही. म्हणजे आजार आधीपासून होता, पडणं हे त्याचं पहिलं जाहीर लक्षण होतं, आणि हॉस्पिटलमध्ये आल्यामुळे कोणीतरी स्मरणशक्ती तपासली आणि तीन महिन्यांनी डायग्नोसिस झालं. रेकॉर्डमध्ये मात्र क्रम उलटा दिसतो, आधी डोक्याला मार, नंतर डिमेन्शिया. तारखा खऱ्या असतात, पण तारखांवरून कारण ठरवलं तर फसगत होते. शिवाय मार लागल्यावर काही दिवस म्हाताऱ्या माणसाला तात्पुरता भ्रम होतो, त्यावर कधीकधी घाईत डिमेन्शियाचा शिक्का बसतो, तोही यात मिसळलेला असू शकतो.

त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांचा आकडा हा कारणाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि खरी माहिती त्यानंतर वर्षानुवर्षं जो थोडासा वाढीव धोका शिल्लक राहतो त्यात आहे. विशीत मार लागलेल्याला तेव्हा छुपा डिमेन्शिया असण्याची शक्यता जवळपास शून्य, म्हणून त्या वयोगटाचा आकडा मला सगळ्यात वजनदार वाटतो. त्याच वर्षी स्वीडनमधूनही असाच अभ्यास आला होता, तेहतीस लाखांहून जास्त लोकांचा, त्यातही नक्षी तीच, पहिल्या वर्षी साडेतीन पट, मग झपाट्याने उतरत उतरत तीस वर्षांनंतरही सव्वा पट शिल्लक. स्वीडनवाल्यांनी तर सख्ख्या भावंडांच्या जोड्या घेतल्या, एकाला मार लागलेला आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे घरचं वातावरण आणि बरेचसे जीन्स सारखे, तरी फरक दिसलाच.

दुसरी शंका अशी की जो माणूस वारंवार कॅज्युअल्टीत येतो तो मुळात वेगळा असू शकतो. दारू जास्त असेल, कामच धोक्याचं असेल, तब्येत आधीच खालावलेली असेल, किंवा एकदा हॉस्पिटलशी संबंध आला की फॉलोअपला जाऊन जाऊन डिमेन्शिया लवकर पकडला जात असेल, आणि घरी बसलेल्याचा कोणाच्या लक्षातही येत नसेल. मग डोक्याच्या माराला दोष का द्यायचा? यावर या टीमने जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी मार लागलेल्यांची तुलना डोकं आणि मणका सोडून बाकी हाड मोडलेल्यांशी केली. मनगट मोडलेला, पाय मोडलेला माणूसही पडलेलाच असतो, त्याच दारातून आत आलेला असतो, त्याच्याही गाठीला हॉस्पिटलच्या चकरा असतात, फक्त डोकं वाचलेलं असतं. जर सगळा खेळ पडण्याचा आणि हॉस्पिटलात येण्याचा असता तर या दोन गटांत फरक मिटला असता. तो मिटला नाही, डोक्याला लागलेल्यांचा धोका १.२९ पट आला. कॅज्युअल्टीचा डेटा वापरून मेंदूवर काही म्हणायचं असेल तर तुलनेचा गटही कॅज्युअल्टीतूनच घ्यायला हवा हे इथून मी शिकलो, आणि आता कोणताही असा पेपर हातात आला की आधी तुलना कोणाशी केलीय तेच बघतो.

तरीही या नोंदींना भोकं आहेत आणि ती नीट बघायला हवीत. १९९५ च्या आधी कॅज्युअल्टीतून घरी सोडलेला पेशंट रजिस्टरमध्ये नाहीच, रात्रभर ठेवून घेतला असेल तरच आहे. म्हणजे १९८५ मध्ये कन्कशन होऊन दोन तासांत घरी गेलेला माणूस या अभ्यासात 'मार न लागलेला' म्हणून मोजला गेला असणार, आणि त्या काळात ज्यांची नोंद आहे ते त्यातल्या त्यात जास्त लागलेले. मध्ये कोडही बदलले, आयसीडी ही आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी, तिची १९९३ पर्यंत आठवी आवृत्ती आणि १९९४ पासून थेट दहावी, कन्कशनचा ८५० हा कोड जाऊन एस ०६.० आला. एकाच कोडखाली क्षणभर डोळ्यापुढे अंधारी आलेला आणि दहा मिनिटं बेशुद्ध पडलेला असे दोघेही बसू शकतात. जो कधी आलाच नाही, फुटबॉल खेळताना आपटला आणि उठून परत खेळला, किंवा घरात मारहाण झाली आणि त्या बाईने कोणाला सांगितलंच नाही, त्यांचा तर प्रश्नच येत नाही. यातल्या बऱ्याच चुका एकाच दिशेच्या आहेत, त्या मार लागलेल्यांना न लागलेल्यांमध्ये मिसळतात आणि फरक कमी दाखवतात, म्हणून १.२४ हा आकडा फुगवलेला असण्यापेक्षा दबलेला असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

डिमेन्शियाच्या बाजूचं काय, तर डॅनिश रजिस्टरमधला डिमेन्शियाचा शिक्का कितपत खरा हे आधीच तपासलेलं होतं, २००७ मध्ये. रजिस्टरमध्ये नाव आलेल्या पेशंट्सच्या फायली तज्ज्ञांनी परत उघडून बघितल्या तेव्हा साधारण ८६ टक्के निदानं बरोबर निघाली. 'डिमेन्शिया आहे' हे बऱ्यापैकी विश्वासाचं, पण त्याचा प्रकार कोणता, विशेषतः रक्तवाहिन्यांमुळे होणारा, तिथे रजिस्टर बरंच कच्चं. म्हणून याच अभ्यासात अल्झायमरसाठी वेगळा दिलेला १.१६ पट हा आकडा मी जरा सैल हातानेच धरतो.

आता घाबरणाऱ्यांसाठी. ज्यांना डिमेन्शिया झाला त्यांच्यातल्या ५.३ टक्के लोकांना आधी कधीतरी डोक्याला मार लागल्याची नोंद होती, आणि ज्यांना झाला नाही त्यांच्यातल्या ४.७ टक्के लोकांना. फरक आहे, पण एवढाच आहे. कॉलेजात असताना गाडी घसरून डोक्याला लागलं होतं म्हणून आता विसरायला होणार असं रात्री जागून मनात घोळवण्यासारखं यात काही नाही. एका माणसासाठी छोटा आणि अख्ख्या समाजासाठी मोठा असा हा धोका आहे, आणि टाळता येण्यासारखा आहे, म्हणूनच लॅन्सेटच्या डिमेन्शिया कमिशनने २०२० मध्ये टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत डोक्याच्या माराचा समावेश केला.

परवानगीचा मुद्दा कोणीतरी विचारणारच. या प्रकारच्या रजिस्टर संशोधनासाठी डेन्मार्कमध्ये प्रत्येक माणसाची वेगळी संमती घेत नाहीत. त्याऐवजी मंजुरी लागते, सीपीआर नंबर बदलून दुसरा सांकेतिक नंबर दिला जातो आणि काम सहसा त्यांच्या सांख्यिकी खात्यासारख्या सरकारी खात्याच्या सर्व्हरवरच करावं लागतं, एकेका माणसाचा डेटा उचलून आपल्या कॉम्प्युटरवर नेता येत नाही. लोकांनी हे मान्य केलंय पण डोळे झाकून नाही. तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडून गोळा होणारा एक मोठा डेटाबेस होता, त्यात परवानगीपेक्षा जास्त माहिती गोळा होतेय हे उघड झालं, २०१४ मध्ये तो बंद पडला आणि पुढे सगळा पुसून टाकायचा निर्णय झाला. संशोधनाच्या दृष्टीने ते मोठं नुकसान होतं, कारण किरकोळ मार आणि सुरुवातीचा विसराळूपणा हे दोन्ही फॅमिली डॉक्टरच आधी बघतो. पण विश्वास मोडून मिळवलेला डेटा ठेवून घेतला असता तर बाकीच्या रजिस्टरांवरचाही भरवसा गेला असता, त्यामुळे तो निर्णय मला पटतो.

आणि आपल्याकडे? साठीच्या पुढच्या भारतीयांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं, असा अंदाज लासी-डॅड या सर्व्हेतून आलाय, आणि दुचाकीवरून पडून डोक्याला लागलेली तरुण मुलं कुठल्याही शहराच्या कॅज्युअल्टीत रोज दिसतात. म्हणजे हा प्रश्न डेन्मार्कपेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. नोंद होत नाही असंही नाही. अपघात म्हटला की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, होते, रजिस्टरमध्ये वेळ, कोणी आणलं, अंगावरच्या दोन ओळखीच्या खुणा, बेशुद्धी होती का, उलटी होती का, नाका-कानातून रक्त आलं का, सगळं लिहिलं जातं आणि बऱ्याच ठिकाणी खूप काळजीने लिहिलं जातं. पण ते पोलिसांसाठी आणि कोर्टासाठी लिहिलेलं असतं, रजिस्टर कपाटात जातं, पेशंटच्या हातात डिस्चार्ज कार्ड राहतं, ते चार घरं बदलताना हरवतं, आणि पंचवीस वर्षांनी दुसऱ्या गावातल्या न्यूरोलॉजिस्टने 'पूर्वी डोक्याला कधी लागलं होतं का' असं विचारल्यावर बायको म्हणते हो, लग्नाआधी काहीतरी झालं होतं म्हणे.

आभा नंबर, म्हणजे आपल्या सगळ्या आरोग्य नोंदी एकत्र जोडायचा सरकारी १४ आकडी नंबर, त्यासाठीच आहे खरं तर. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालं, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सूटही ठेवलीय, अट अशी की त्या माहितीवरून त्या एका माणसाबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. चौकट आहे. पण अपघातात आणलेल्या माणसाचा खिसा रिकामा, फोन फुटलेला, बरोबर अनोळखी रिक्षावाला, अशा वेळी आभा नंबर कोण विचारणार? म्हणून मला वाटतं सुरुवात कॅज्युअल्टीच्या दारात न करता दुसऱ्या दिवशी वॉर्डात किंवा टाके काढायला येतो तेव्हा करावी, तेव्हा नातेवाईक असतात, वेळ असतो, आणि त्याच वेळी एमएलसीतल्या वैद्यकीय ओळी त्या नंबरला जोडता येतील. पोलिसांशी संबंधित भाग वेगळा ठेवावा, नाहीतर केसच्या भीतीने लोक नंबर द्यायचेच नाहीत.

हे व्हायला वर्षं लागतील, पण त्या ४.०६ च्या आकड्याचा एक उपयोग आत्ताही करता येतो आणि त्याला कुठलंही रजिस्टर लागत नाही. संशोधकाला तो आकडा अडचणीचा होता कारण त्यात आधीपासूनचा आजार मिसळलेला होता, पण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांसाठी आणि घरच्यांसाठी नेमकी तीच कामाची गोष्ट आहे. सत्तरीच्या पुढचं माणूस डोक्यावर पडून आलं तर सीटी नॉर्मल आला म्हणून विषय संपवू नये. त्या गोंधळात स्मरणशक्तीची चाचणी घेऊन उपयोग नाही, घाबरलेलं दुखावलेलं माणूस तसंही चुकणार. पण मुलाला किंवा सुनेला तीन गोष्टी विचारता येतात, गेल्या सहा महिन्यांत आधी कधी पडले होते का, औषधांचा आणि पैशांचा हिशोब अजून स्वतः ठेवतात का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळले होते का. उत्तरं केसपेपरवर तारखेसकट लिहायची आणि सहा-आठ आठवड्यांनी, जखम भरल्यावर, मेमरी क्लिनिकला किंवा साध्या फिजिशियनकडे परत दाखवायला सांगायचं, आणि हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्यायचं, म्हणजे घरी ते कोणीही वाचू शकेल.